कांचन, तू कुणाला मत दिलंस?

कांचन,

मानोऱ्याला तुझ्या घरी जाऊन आले. तू नसलेल्या घरी पहिल्यांदाच गेले आणि सवयीनं दारातूनच "कांचे" अशी हाक मारणार होते. ओट्यावर बसलेल्या बायांनी वर पाहिलं आणि मी तोंड तसंच मिटलं.

कावीळ झाली आहे एवढाच निरोप आला होता आधी. कावीळ काय, होते आणि जाते. मनात म्हटलं, बरी झालीस की माहेरी येशील, मग तुला पोटभर उसाचा रस पाजू आणि पिवळी पिवळी म्हणून चिडवू. तुला चिडवायचे शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते मी. दुसरा निरोप आला तेव्हा शाळेत होते. हेडमास्तरांनी सांगितलं आणि सुटी घ्या म्हणाले. सुटी घेऊन करायचं काय, हे मला कळेना. तास संपेपर्यंत मी शिकवत राहिले. काय शिकवलं ते आठवत नाही.

तुझ्या घरी एका म्हातारीनं मला विचारलं, "वाशीमहून आली काय बाई? नात्यातली कोन?" मैत्रीण म्हणावंसं वाटलं नाही. मैत्रिणी काय, पाण्याच्या नळावरही होतात. मी म्हणाले, "आमी दोघींनी मिळून एक एम.ए. केलं." तिला काही समजलं नाही. पण खरं म्हणजे तेच आपलं नातं. पहिला भाग दोघींनी दिला, दुसरा मी एकटीनं, आणि पदवीवर नाव फक्त माझं आलं.

तुला आठवतं का, हे सुरू कसं झालं ते? बी.ए.च्या शेवटच्या वर्षी राज्यशास्त्राच्या वर्गात मुली दोनच. एक जैनांच्या कापड दुकानाची लेक, एक जऊळक्याच्या रेल्वे गँगमनची. मुलं आपल्याला 'लोकसभा आणि राज्यसभा' म्हणायची. तू कमी बोलायचीस म्हणून राज्यसभा. निकाल लागल्यावर राज्यशास्त्राच्या सरांनी आपल्याला बोलावलं आणि म्हणाले, "एम.ए.चे वर्ग नागपूरला. तुमच्या घरचे काही तिकडे पाठवायचे नाहीत. खासगी बसा दोघी. पुस्तकं मी देतो, अडलं तर या. परीक्षेपुरतं नागपूर गाठा." तुझे वडील गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "शिकू द्या, लग्न होईस्तोर." ते 'होईस्तोर' आपण दोघींनीही ऐकलं होतं. पण तेव्हा ते लांब वाटत होतं.

तुमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. स्वयंपाकघर आवरलं की बाकीच्या वाशीममध्ये चुली पेटायच्या वेळेला तुझे हात मोकळे. माझी जऊळक्याची गाडी त्यानंतर. मधला जो काय वेळ उरायचा, तेवढंच आपलं विद्यापीठ. नागपूरच्या मुलांना ग्रंथालय होतं, प्राध्यापक होते, चर्चासत्रं होती. आपल्याला तुझ्या दुकानावरची माडी होती, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून बसायची जागा होती आणि मीटरगेजची एक गाडी होती. ती गाडी वेळेवर आली की मला राग यायचा. एरवी जग तिला उशीर झाला म्हणून शिव्या घालायचं, मी एकटीच तिला उशीर व्हावा म्हणून खिडकीतून डोळे लावून बसायचे.

अभ्यासक्रम आपण मधोमध चिरला होता. अर्धा तू वाचायचा आणि मला शिकवायचा, अर्धा मी. पुस्तकं इंग्रजी, आपलं इंग्रजी यथातथाच. तू शब्दकोश मांडीवर घेऊन एकेका परिच्छेदाशी झटायचीस. मी ओळींवरून उड्या मारत जायचे आणि तू मला मागे ओढायचीस, "हे काय म्हन्ते ते सांग पहिले." त्या फ्रेंच विचारवंताचं नाव आपण वर्षभर जसं लिहिलंय तसं, अक्षर न् अक्षर उच्चारत होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात तिथल्या मुलांसमोर ते नाव घेतलं आणि ती पोरं पोट धरून हसली. माझा चेहरा उतरला. तू मात्र शांतपणे म्हणालीस, "नाव चुकलं असंल. त्याचं म्हननं पाठ आहे. इचारा." त्यांच्यातल्या एकानं खरंच विचारलं. तू असं काही सांगितलंस की तोच तुझ्याजवळ बसून लिहून घेऊ लागला. मी त्या दिवशी तुला काही बोलले नाही. पण खरं सांगते, माझ्या छातीत मावत नव्हतं.

माझं ताट माडीवर यायचं. तुझ्या आई प्रेमानं पाठवायच्या, भरपूर वाढलेलं असायचं, तूपही असायचं. पण "खाली ये जेवायले" असं कधी झालं नाही. का, ते मला माहीत होतं आणि तुलाही माहीत होतं. राज्यशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींनी त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही. समतेचा हक्क घोकत मी वर जेवायचे आणि तू खाली. मग एक दिवस तू तुझं ताट घेऊन जिना चढून वर आलीस आणि माझ्यासमोर बसलीस. खालून तुझ्या आई ओरडल्या, "काहून वं, वर काहून गेली?" तू म्हणालीस, "आई, खाली लय गरमी होऊन राह्यली." पौषाचा महिना होता. दोघीही शाल पांघरून बसलो होतो. हसता हसता मला ठसका लागला आणि तू माझ्या पाठीवर थापा मारत राहिलीस. त्यानंतर तू वरच जेवलीस, लग्न होईपर्यंत.

आणि तू जऊळक्याला आलीस तेव्हाची माझ्या आईची धांदल! कांदा नाही, लसूण नाही, आलू नाही. "लसनाबिगर वरन म्हंजे निस्तं पानी," असं पुटपुटत तिनं बाजारातून नवं गाडगं आणलं, तुझ्यासाठी वेगळं. सूर्य बुडायच्या आत ताट वाढायचं म्हणून सारखी अंगणात जाऊन आभाळाकडे बघत होती. आमच्या वस्तीत तुमच्यातलं कुणी जेवायला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दारात ही गर्दी. तू खाली मान घालून दोनदा वरण मागून घेतलंस. बाबांनी विचारलं, "मंग पोरीहो, राज्यशास्त्र शिकून राज्य कवा करता?" तू म्हणालीस, "काकाजी, आधी पेपर त सोडवू द्या." बाबा पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना हे सांगत होते. परवा तुझं कळल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "थे वरनवाली पोरगी?" आणि बाहेर जाऊन बसले.

पण मला आज जे लिहायचं आहे ते आपल्या भांडणाबद्दल. तेच अर्धं सोडून गेलीस.

निवडणूक पद्धतीचं प्रकरण माझ्या वाट्याला होतं. एका इंग्रज विचारवंताचं म्हणणं त्यात आलं की मतदान उघड असावं. मत ही माणसाची खासगी मिळकत नसते, ती सगळ्या समाजाची जबाबदारी असते, मग ती लपवून का पार पाडायची? मला हे भयंकर आवडलं. मी तुला ते शिकवायला बसले आणि तू, जी कधी मधे बोलायची नाहीस, एकदम उसळलीस.

"चुकीचं आहे हे."

"काहून चुकीचं? आमच्या वस्तीत कोनी लपवत नाही. माहा बाबा मत देऊन येते न भर बाजारात सांगते कोनाले देलं ते. ज्याइले कधी कोनी इचारलंच नव्हतं, त्याइनं लपवाचं कायले?"

"तुह्या बाबाले सांगता येते, सुमन. मले इचार. आमच्या घरी आज भाजी कोनती कराची, हेबी बाईच्या मनानं होत नाही. मी मत सांगतलं का ते माहं राह्यलंच नाही. घरचं झालं."

"मंग घरी भांड."

"भांडाले जागा लागते. तो शिक्का माराचा आडोसा, तेवढीच जागा आहे. तिथं कोनी येत नाही, सासू नाही, सासरा नाही, नवरा नाही. तेबी काढून घेतं काय तुहा इंग्रज?"

"आडोशात बसून बाईचं राज्य येनार नाही, कांचन. तोंड उघडावं लागते. लपून मत देनं म्हंजे भित्रेपना."

तू उशी फेकून मारलीस. मी परत मारली. आवाज इतका चढला की तुझ्या आई धावत वर आल्या. काय झालं, कुणी काही बोललं काय, कुठल्या मुलाचं काही आहे काय? तू म्हणालीस, "नाही आई, मतदानाची गुप्तता." त्या दाराशीच थबकल्या. "अवो, त्याच्यावरून कोनी भांडते काय?" त्या दिवशी माझी गाडी चुकली आणि मी तुझ्याकडेच राहिले. आपण एकमेकींकडे पाठ करून झोपलो. सकाळी तू चहा देताना म्हणालीस, "अजून भित्रीच आहे काय मी?" मी म्हणाले, "आहेस." आणि दोघी हसलो.

हसलो, पण वाद मिटला नाही. पुढे तो रस्त्यात चालला, सरांच्या घरी चालला, तुझ्या हळदीच्या दिवशी चालला. पहिला भाग पास झालो आणि त्याच उन्हाळ्यात तुझं मानोऱ्याला ठरलं. तुझ्या हातापायांना हळद लागत होती आणि तू मला जवळ ओढून कानात म्हणालीस, "सेकंड पार्टची पुस्तकं तुह्यापाशीच ठेव. मी बसीन." मी ठेवली. अजून आहेत.

दुसऱ्या भागाला मी एकटी अभ्यास केला. तुझ्या वाट्याची प्रकरणं मला समजतच नव्हती, कारण ती तू शिकवायची होतीस. मी वाचून स्वतःलाच विचारायचे, "हे काय म्हन्ते ते सांग पहिले." पेपरात गुप्त आणि उघड मतदानावर प्रश्न आला. मी माझी बाजू लिहिली आणि मग तुझी लिहायला घेतली. तुझी बाजू लिहिता लिहिता वेळ कसा गेला कळलं नाही. माझ्या बाजूपेक्षा ती कितीतरी मोठी झाली. ती वाचणाऱ्यानं माझं मत तेच समजलं असेल.

माझा निकाल लागला, नोकरी लागली आणि त्याच सुमारास आणीबाणी आली. आपण घोकलेले हक्क एका सकाळी बंद. मी मानोऱ्याला तुझ्याकडे आले होते. तू डोक्यावर पदर घेऊन पापड लाटत होतीस आणि मी शेजारी बसले होते. मी हळू आवाजात शाळेतलं काय काय सांगत होते. कुणी काही बोलत नाही, साहेब आले की माना खाली. तू लाटणं थांबवलंस आणि म्हणालीस, "मंग बोल न बाई उघड." इतक्या गोड आवाजात म्हणालीस की मला तुला चिमटा काढावासा वाटला. मी म्हणाले, "नोकरी आहे माही." तू म्हणालीस, "अन् माहं घर आहे." पुढे आपण दोघी पापडच लाटत बसलो.

मग ते दिवस संपले आणि निवडणूक लागली. आपलं दोघींचं आयुष्यातलं पहिलं मत. आधीच्या निवडणुकीला आपली वयं भरत नव्हती. मला शाळेतून मतदानाची ड्यूटी लागली आणि गाव कोणतं यावं, तर मानोरा. मी नाचायची बाकी राहिले. बायांच्या बूथवर शाई लावायचं काम माझ्याकडे. सकाळपासून रांग. तांड्यांवरच्या निम्म्या बाया कामाला दूर गेलेल्या, पण उरलेल्या आरशांचे घागरे घालून आल्या होत्या आणि बोट पुढे करताना हसत होत्या. मी दर बाईमागे दाराकडे बघत होते.

तू आलीस ती घरच्या बायांच्या घोळक्यात, सगळ्यात मागे. दाराबाहेर तुझे सासरे उभे होते, पांढरी टोपी, हातात काठी. मोठा माणूस, गावात वजन. घरातली सगळी मतं एकगठ्ठा द्यायचा शब्द त्यांनी कुणाला दिला होता, ते सगळ्या मानोऱ्याला माहीत होतं. तुझं नाव पुकारलं गेलं. तू माझ्यासमोर आलीस. ओळखीचं हसायची सोय नव्हती, पोलिंग एजंट बसलेले. तू डावा हात पुढे केलास. तुझ्या बोटाला हळदीचा पिवळेपणा होता, नखाखाली कणीक. मी ते बोट धरलं आणि शाई लावली. जरा जास्तच वेळ धरलं असेल. तू मतपत्रिका घेतलीस आणि आडोशामागे गेलीस.

आणि बाहेर येईनास.

बाकीच्या बाया जात होत्या, शिक्का मारत होत्या, येत होत्या. तू तिथेच. केंद्राध्यक्ष खाकरले. मला म्हणाले, "बाईंना समजलं नाही का? जरा पाहा." मी म्हणाले, "साहेब, आत जाता येत नाही. नियम आहे." मला पडद्याखालून फक्त तुझी पावलं दिसत होती, जोडवी घातलेली, अगदी स्थिर. तू तिथे काय करत होतीस, कांचन? शिक्का मारायला काय लागतं? मला वाटलं, तू ठरवत असशील. मग वाटलं, कधीच ठरवून झालं असेल आणि तू नुसती उभी असशील, एकटी, कुणी हाक मारत नाही अशी. मग तू आलीस, घडी पेटीत टाकलीस आणि माझ्याकडे न बघता निघून गेलीस. दारातून तुझे सासरे म्हणाले, "एवढा येळ?" तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही.

त्या दिवाळीला तू वाशीमला आलीस. तुझ्या तान्ह्या पोरीला पाळण्यात टाकून आपण पुन्हा माडीवर बसलो. मी पहिला प्रश्न तोच विचारला. "कोठी मारला शिक्का?"

तू म्हणालीस, "ते गुप्त असते."

"मलेबी?"

"तुलेच त शिकवलं एवढं."

मी गयावया केली. मी चिडले. मी म्हटलं, मी माझं सांगते, तू तुझं सांग. माझं मी सांगून टाकलं, तू ऐकून घेतलंस आणि तुझं सांगितलं नाहीस. तेव्हापासून मला एकच गोष्ट खात राहिली. तू सासऱ्यांच्या शब्दाप्रमाणेच मत दिलं असशील आणि ते सांगायची लाज वाटत असेल म्हणून गप्प असशील. तू आत उभी राहिलीस, विचार केलास आणि शेवटी घरचंच मत टाकून आलीस. नंतर मी दर भेटीत तुझ्याकडे त्याच नजरेनं बघायचे. माझी कांचन त्या घरात विरघळून गेली की अजून कुठेतरी आहे? पोरगी शाळेत जायला लागली की सेकंड पार्टला बसीन, असं तू म्हणायचीस. मी हो म्हणायचे आणि मनात म्हणायचे, कसली बसतेस. मला तुझं एम.ए. नको होतं गं. तू आहेस एवढंच कळायला हवं होतं.

परवा तुझ्या घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. तुझी पोरगी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या पिशवीचा बंद ओढत बसली. तुझे सासरे बैठकीत होते. मला आत बोलावलं. म्हातारे झालेत एकदम. म्हणाले,

"मास्तरीनबाई, एक इचारू काय? राग त नाही येनार?"

"विचारा न काकाजी."

"त्या निवडनुकीत कांचननं मत कोनाले देलं व्हतं? तुले सांगतलं असंल."

ते काठीकडे बघत बोलत होते.

"त्या दिवशी संध्याकाळी मी समद्याइले इथं बसवलं. शब्द देला व्हता मी. एकेकाले इचारलं, कोठी मारला शिक्का? पोराइनं सांगतलं. बाकीच्या सुनाइनं सांगतलं. कांचन म्हने, मामाजी, थे गुप्त असते. मी म्हनलं, घरात कायचं गुप्त? पदर सारखा केला, मान खाली घातली, पन बोलली तेच. मामाजी, तुमी इचारू नका, मी सांगनार नाही. मले राग आला. मी म्हनलं, सांगतल्याबिगर उठाचं नाही. बसली. आतमंधी ताटं वाढलेली. दिवस बुडत चालला. मले वाटलं, आता उठंल, मंग उठंल, भूक त लागंल. नाही उठली. तिले बसवून मी कसा जेवाले जाऊ? दिवस बुडाला. तिचंबी जेवन राह्यलं अन् माहंबी. दोघंबी उपाशी. रागानं नाही बसली व्हती. माह्याकडं पाहून एकडाव हासलीबी."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"त्याच्यानंतर मी कवा घरात कोनाले इचारलं नाही. पन तिचं मनात राह्यलं. आता ते गेली. आता सांगाले काय हरकत आहे? तू सांग."

"काकाजी, मलेबी नाही सांगतलं."

"खरं?"

"खरं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "मले वाटे, मलेच नाही सांगतलं," म्हणाले आणि डोक्यावरच्या टोपीनंच डोळे पुसले. मग मलाही आवरलं नाही. तुझी पोरगी आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती.

कांचे, हे तू मला सांगितलं का नाहीस? सगळं घर समोर बसलेलं, दारात दिवस बुडत चाललेला, आणि तू सासऱ्याच्या तोंडावर नाही म्हणालीस! याच्याइतकं उघड मी आयुष्यात काही बोललेले नाही. मी तुला भित्री म्हणायचे आणि तू हसायचीस. ही एवढी मोठी गोष्ट तुझ्याजवळ होती, एका वाक्यात माझा सगळा वाद आडवा झाला असता, आणि तू ती वापरली नाहीस. की तीही तुला तुझी एकटीची ठेवायची होती? मला तुझा राग आला आहे. इतका आला आहे की आत्ता माडीवर असतीस तर उशी फेकली असती. आणि तू तिथे असावीस म्हणून मी काय वाटेल ते द्यायला तयार आहे. इंग्रज विचारवंतही देते, घेऊन टाक.

वाद मात्र मी सोडलेला नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की उघड बोलायला हवं. पण आता ते बोलायचं कुणाशी? शाळेतल्या बायांना मी हे विचारलं तर त्या म्हणतात, जाऊ द्या न मॅडम. तुझ्यासारखं "चुकीचं आहे हे" म्हणणारं मला कुणी भेटत नाही. पुन्हा निवडणूक लागणार असं म्हणतात. माझी ड्यूटी कुठेही लागो, तुझं नाव आता कुणी पुकारणार नाही. हे मनात आलं की हातातलं काम तसंच राहतं.

निघताना तुझ्या सासूबाई मला सोडायला दारापर्यंत आल्या. पोरीला एका हातानं धरलं होतं, दुसऱ्या हातानं माझ्या पिशवीत काहीतरी कोंबत होत्या. बैठकीकडे एकदा वळून बघितलं आणि माझ्या कानाशी आल्या.

"म्या त्या दिवशी याइले खोटं सांगतलं."

"काय काकू?"

"शिक्क्याचं. याइले पाह्यजे तेच नाव सांगतलं. पन मारला दुसरीकडंच. कांचननं आदल्या दिवशी तांदूळ निवडता निवडता सांगतलं व्हतं. म्हने, आत्याबाई, आत कोनी पाहत नाही. मले खरंच वाटे ना. मी आत गेली न मांगं वळून पाह्यलं. खरंच कोनी नव्हतं."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी चेहरा असा काही झाला होता की मला राहवेना. मी विचारलं,

"मंग देलं कोनाले, काकू?"

त्यांनी पदर तोंडावर घेतला. तू गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नसेल, त्या हसल्या. म्हणाल्या,

"तुले कायले सांगू?"